लाल, निळी आणि पान सत्त्याण्णव

२०२३ साल. मी सत्त्याहत्तर वर्षांचा होतो. दात बहुतेक स्वतःचे, चष्मा फक्त वाचायला. हिंदी मुलुखातल्या आमच्या शहरातल्या मराठी वाचनालयात विज्ञान कादंबऱ्यांचा विषय निघाला की माझ्यापुढे तोंड उघडायची कोणाची हिंमत होत नसे, एक प्रोफेसर सोडले तर. त्यांची ती हिंमत नव्हती, सवय होती. जन्मभर कॉलेजात बोलले. पोरांना हजेरी हवी असायची म्हणून ती उठून जात नव्हती, आणि ह्यांना वाटत राहिलं की आपलं बोलणं गोड आहे.

मी पाचवीपर्यंत शिकलो. अठराव्या वर्षी संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथसमोर उभा राहिलो तो साठाव्या वर्षी बाजूला झालो. एकदा एका नव्या साहेबानं दिलेल्या ड्रॉइंगमध्ये भोकाचं माप दांड्यापेक्षा चांगलं बोटभर लहान होतं. दांडा आत जाणारच नव्हता. साहेब म्हणाला, "जो लिखा है वो बनाओ." मी मशीन बंद केली, हात पुसले आणि चहा प्यायला गेलो. दुपारी साहेब स्वतः दुसरं ड्रॉइंग घेऊन आला. त्यानंतर आमच्या मशीन शॉपमध्ये कोणताही नवा कागद आला की आधी माझ्यासमोर ठेवत. हे बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायला पुढे जागा आहे.

कादंबऱ्यांत मला विज्ञानाचीच चालते. प्रेमाच्या, घराण्याच्या, इस्टेटीच्या भानगडी मी कारखान्याच्या कॉलनीत फुकट बघितल्या आहेत, त्या पुन्हा छापील वाचायला डोळे काहून शिणवू? यानाचं तसं नाही. लेखकानं यान उडवलं की ते कशावर उडतं, आत माणूस उभा कसा राहतो, हवा कुठून येते, हे त्याला सांगावंच लागतं. खोटं बोलला की सापडतो. निदान माझ्या हाती सापडतो, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत असे.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि एक पंखा. दर रविवारी सकाळी दहा ते बारा तिथे वाचकांची बैठक होते. दहा-बारा डोकी, चहा, चिवडा. शहरातले शिकलेसवरलेले मराठी लोक या दोन तासांत एकमेकांना पुस्तकं सुचवतात. ते सुचवणं एकदा ऐकावं! एक जण म्हणतो, "काय कादंबरी आहे! मंगळावरचं वर्णन तर अप्रतिम." मी विचारतो, तिथे पाणी कसं काढलं आहे? तो म्हणतो, "तेवढं लक्षात नाही." मग काय लक्षात आहे, कव्हरवरचं चित्र? मागच्या पानावरचा मजकूर पाठ करून आलेला माणूस मी तिसऱ्या वाक्याला ओळखतो. तो डोळे मिचकावून म्हणतो, "शेवट नाही सांगणार हं, तुमची मजा जाईल." शेवट त्याला माहीत असेल तर सांगेल ना! एक निवृत्त डॉक्टर आहेत, ते दोन कादंबऱ्यांची तुलना करताना फक्त एवढंच म्हणतात, "ही जास्त खोल आहे." विहीर आहे का ती?

तरी मी रोज जात होतो, नुसतं रविवारी नाही, रोज. बायको गेली. मुलगा आणि सून एकमेकांशी हिंदीत भांडतात, नातवाला मराठी समजते पण तो उत्तर हिंदीत देतो. रांझीच्या आमच्या घरून दोन रिक्षा बदलून त्या खोलीत गेलो की निदान शिव्या तरी मराठीत देता यायच्या. एवढं पुरे.

आता भांडण सांगतो. आमच्याकडे दोन जुन्या विज्ञान कादंबऱ्या होत्या. एकाच छापखान्यात छापलेल्या, तोच आकार, तोच टाईप, तोच पिवळट कागद. दोन्हींत माणसांना नावं नव्हती, नुसते कॅप्टन, फिटर, स्वयंपाकी. बारा वर्षांपूर्वी वाळवीनं दोघींची कव्हरं आणि पहिली पानं खाल्ली, तेव्हा सराफ्यामागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडून त्या नव्यानं बांधून घेतल्या. एकीला लाल रेक्झिन, दुसरीला निळं. नावं रजिस्टरात असतील, आम्ही लाल आणि निळीच म्हणायचो. लाल माझी होती. निळी प्रोफेसरांची.

अकरा वर्षं हे चाललं. नवीन कोणी सभासद आला की मी त्याच्या हातात लाल द्यायचो आणि प्रोफेसर निळी द्यायचे. त्याच्या निवडीवरून आम्ही त्याची किंमत करायचो. लालवाले निळीला हात लावत नसत, निळीवाले लालला. मी निळीची तीस पानं वाचली होती, त्यात यानावर एक कुत्रा आहे हे कळल्यावर ठेवून दिली. प्रोफेसरांनी लाल किती वाचली होती देव जाणे, पण तिच्यावर ते अर्धा तास बोलू शकत. दोन्ही पूर्ण वाचलेल्या एकट्या बँकवाल्या वहिनी, स्टेट बँकेत नव्हे, एका साध्या सहकारी बँकेत जन्म काढलेल्या. पण त्यांच्या दोन वाचनांमध्ये चार वर्षं आणि मोतीबिंदूचं एक ऑपरेशन होतं.

लालमध्येही एक कुत्रा होता, हे मी लपवणार नाही. सत्त्याण्णवाव्या पानावर तो एकदम येतो आणि शेवटपर्यंत राहतो. कुठून आला ते लेखक सांगत नाही. मी त्याचा उलगडा केला होता. पहिल्या भागात यानावर एक फिटर आहे, फार हुशार. त्यानंच तो यंत्राचा कुत्रा बनवला असणार, म्हणून तर त्याला कोणी खायला देत नाही. आणि फिटर स्वतः नंतर दिसत नाही, कारण तो खाली इंजिनात काम करून राहिला असेल. चांगला फिटर वर दिसतच नसतो. हे मी अकरा वर्षं लोकांना समजावलं आणि लोकांनी माना डोलावल्या.

निळीत उलटं होतं. तिथे कुत्रा बाराव्या पानावर रीतसर येतो आणि निम्म्यात नाहीसा होतो. त्यावर प्रोफेसर डोळे मिटून म्हणायचे, "त्या कुत्र्याची अनुपस्थिती हीच त्याची खरी उपस्थिती आहे." आणि डॉक्टर म्हणायचे, "खोल आहे."

त्या वर्षी गणपतीत आमची जुंपली. आरती होऊन प्रसाद वाटून राहिले होते, सगळी मंडळी हजर. प्रोफेसर हसत म्हणाले, "मिस्त्रीकाका, येत्या रविवारी एकदा मत घेऊन टाकू. दोन्हींची तुलना होऊ द्या, हात वर होऊ द्या."

मी म्हणालो, "होऊ द्या. लाल हरली तर मी या वाचनालयात पुन्हा पाय ठेवणार नाही."

"गणपतीसमोर बोलून राहिले बरं का, काका," वहिनी म्हणाल्या.

"गणपतीला ऐकू येतं. मी हळू बोललो नाही."

बोलून गेलो, आणि घरी जाताना रिक्षात कळलं की जिंकलो नाही तर उरलेले दिवस मला रांझीच्या व्हरांड्यात नातवाचं हिंदी ऐकत काढायचे आहेत. पण शब्द परत घेणं मला जमत नाही. कधी जमलं नाही.

तयारी म्हणून मी दोन्ही पुस्तकं घरी आणली. लाल पुन्हा वाचायला आणि निळी तिच्यातल्या चुका काढायला. गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर व्हरांड्यात लाल उघडली. पहिला भाग अजूनही सोन्यासारखा. यान एका मोठ्या ढोलासारखं गरगर फिरत राहतं आणि माणसं त्याच्या आतल्या भिंतीवर चालतात. फिरणाऱ्या जॉबवर, म्हणजे लेथला लावलेल्या लोखंडावर, तेल ओतलं की ते कसं बाहेर फेकलं जातं हे ज्यानं लेथवर बघितलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लेखकाला काम येत होतं. स्वयंपाकी चहा ओततो तर धार तिरकी पडते, एवढं त्यानं लिहिलं आहे.

मग एकशे दहाव्या पानावर एका माणसाच्या हातातून पाना सुटतो आणि हवेत तरंगत जातो.

इथे मी थांबलो. ढोल फिरत असेल तर पाना तरंगणार कसा? खरं सांगायचं तर अकरा वर्षांपूर्वीही मी ह्याच जागी थांबलो होतो. तेव्हा वाटलं, ढोल बंद केल्याचं कुठेतरी लिहिलं असेल, आपल्या पाचवीला ते समजलं नसेल. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर शंका गेली असती, पण पाचवी चारचौघांत उघडी पडली असती. साहेबाचं ड्रॉइंग परत पाठवणारा माणूस मी, छापलेल्या पुस्तकापुढे गप्प बसलो.

यावेळी मागे जाऊन एक-एक ओळ तपासली. ढोल कुठेही बंद केलेला नव्हता. उलट, पुढच्या पानांतल्या यानाला ढोलच नव्हता, ते वेगळंच यान होतं. माणसं सातची पाच झालेली. मी निळी उघडून शेजारी ठेवली.

लालचं शहाण्णवावं पान असं संपत होतं: कॅप्टनने दाराची कडी ओढली आणि. सत्त्याण्णवावं असं सुरू होत होतं: मागे वळून पाहिलं. कुत्रा तिथेच बसला होता.

निळीचं शहाण्णवावं: कॅप्टन दोन पावलं गेला, थांबला आणि. तिचं सत्त्याण्णवावं: आतली हवा एका क्षणात बाहेर गेली.

तिरकं वाचा. कडी ओढली आणि हवा बाहेर गेली. थांबला आणि मागे वळून पाहिलं, तर कुत्रा.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं. सहा फर्म्यांची शहाण्णव पानं. त्या बाइंडरनं दोन्ही पुस्तकं एकत्र सोडवली, फर्मे पुसले, वाळवले आणि बांधताना सातव्या फर्म्यापासून अदलाबदल केली. पानांचे आकडे बरोबर लागले, त्याचं काम झालं. त्याला मी फार दोष देत नाही. तो निदान वाचल्याचा दावा करत नव्हता. दावा आम्ही करत होतो. अकरा वर्षं आम्ही दोन अर्धवट पुस्तकांची दुसऱ्या दोन अर्धवट पुस्तकांशी तुलना करून एकमेकांची लायकी काढत होतो.

सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबूजी, तबीयत ठीक है?" मी म्हणालो ठीक आहे. चहा तसाच निवला.

शनिवारी वहिनींचा फोन आला. त्यांनी कारकुनी सवयीनं सगळ्यांना विचारून ठेवलं होतं. "काका, सात हात लालचे, चार निळीचे. आता तुम्ही चार शब्द नीट बोला आणि कोणाला मूर्ख म्हणू नका, बस." म्हणजे मी गप्प राहिलो तर जिंकत होतो. खोली माझी राहत होती. पुस्तकं पुन्हा कपाटात गेली असती आणि ह्या लोकांची वाचायची तऱ्हा बघता आणखी अकरा वर्षं कोणाला पत्ता लागला नसता. मी ठरवलं की गप्प राहायचं. कारखान्याचं ड्रॉइंग वेगळं, तिथे माल फुकट गेला असता. इथे कोणाचं काय जात होतं?

रविवारी आधी प्रोफेसर बोलले. इस्त्रीचा झब्बा, हातात टिपणं. म्हणाले, निळीच्या मध्यावर कॅप्टन थांबतो आणि हवा निघून जाते, हा मराठी विज्ञान कादंबरीतला सर्वांत धाडसी क्षण आहे. थांबलेल्या माणसाभोवती पोकळी तयार होते. कारण दिलेलं नाही, आणि कारण न देणं हीच प्रतिभा. मी चिवडा खात राहिलो. डॉक्टरांनी मान हलवली. मग प्रोफेसर माझ्याकडे वळले.

"आता लाल. तिच्यात एक कुत्रा येतो. कुठून येतो हे बिचाऱ्या लेखकालाही ठाऊक नाही. आमचे मिस्त्रीकाका म्हणतात तो यंत्राचा आहे." थोडं हसले. "ज्यानं आयुष्यभर पाने-पेचकस हाताळले, त्याला कुत्र्यातही नटबोल्ट दिसणार."

सगळे हसले. लालवालेही हसले.

मी उठलो. उठेपर्यंत काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"प्रोफेसरसाहेब, कुत्रा कुठून येतो ते मी सांगतो. तुमच्या घरून येतो. तुमच्या निळीच्या बाराव्या पानावरून निघतो आणि माझ्या लालच्या सत्त्याण्णवाव्या पानावर येऊन बसतो. वहिनी, ही दोन्ही पुस्तकं धरा. लालचं शहाण्णवावं वाचा मोठ्यानं, आणि मग निळीचं सत्त्याण्णवावं."

वहिनींनी वाचलं. मग उलटं वाचलं. मग चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

कोणीतरी पुस्तक मागितलं, दुसऱ्यानं हिसकलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी जी वाचली ती कोणती?"

मी म्हणालो, "पोकळी तयार झाली म्हणे! अहो, दार उघडलं होतं त्यानं. अंतराळात दार उघडलं की हवा जाते, ह्यात प्रतिभा कसली? हे माझ्या शॉपमधला झाडूवालाही सांगेल."

तेवढ्यात वहिनींनी ते विचारलं, जे कोणीतरी विचारणारच होतं. "पण काका, अकरा वर्षं तुम्ही पण हीच वाचून राहिले होते ना जी? यंत्राचा कुत्रा तुम्हीच सांगितला आम्हाला."

"हो."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं. पहिल्याच वेळी आलं होतं, यानाचा ढोल मध्येच नाहीसा होतो म्हणून. वाटलं, पाचवीच्या माणसाला समजत नसेल. म्हणून कुत्रा यंत्राचा केला."

हे वाक्य बोलायला मला जितका त्रास झाला तितका लेथवर बोट कापलं तेव्हा झाला नव्हता. वहिनी लगेच प्रोफेसरांकडे वळल्या. बाई हिशोबी, एकाला विचारून दुसऱ्याला सोडेल असं होत नाही. "आणि तुम्हाला, साहेब?"

प्रोफेसरांनी टिपणांची घडी घातली. "मला ते... प्रायोगिक वाटलं."

त्यांच्या डिग्र्या आणि माझी पाचवी एकाच खड्ड्यात पडली होती. मी पडलो आणि गप्प बसलो. ते पडले आणि त्या खड्ड्यावर व्याख्यानं देत राहिले. त्या दिवशीही थांबले नाहीत. दोन मिनिटांत सावरून म्हणाले, "तरीही, योगायोगानं झालेली ही जोडणी मूळ कादंबऱ्यांपेक्षा सरस असू शकते, हा विचार आपण केला पाहिजे." डॉक्टर काहीतरी म्हणणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तसा त्यांनी चहाचा कप उचलला.

मग प्रोफेसरांना माझा शब्द आठवला. "मिस्त्रीकाका, लाल तर आता उरलीच नाही. म्हणजे ती हरली असंच धरावं लागेल. गणपतीसमोर बोलला होतात तुम्ही."

वहिनींनी चिवड्याची ताटली सरकवून ठेवली.

"बोललो होतो," मी म्हणालो. "पण हरायला आधी कोणीतरी वाचलेली पाहिजे. इथे लाल कोणी वाचली आहे? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

"निळी?"

तेच.

"मग कशाची तुलना आणि कशाचं मत? आधी पुस्तक होऊ द्या, मग हात वर करा. तेव्हा हरली तर मी जाईन. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

कोणी म्हणालं, दोन्ही बाइंडरकडे पाठवू. वहिनी म्हणाल्या, तो बाइंडर केव्हाच वारला. मग समितीपुढे ठेवू, असं प्रोफेसर म्हणाले. समिती! समितीनं पंखा बदलायला तीन उन्हाळे घेतले होते. मी चहा न घेता निघालो. मागून वहिनींचा आवाज आला, "काका, उद्या येणार ना जी?" मी चपला पायात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा मी दारात उभा होतो. पिशवीत ब्लेड, जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि सरसाची डबी. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो काका, हे काय करून राहिले? कोणाला विचारलं का?" मी म्हणालो, विचारत बसा तुम्ही. दोन्ही पुस्तकांची शिवण कापली. फर्मे मोजले, तपासले, दोनदा तपासले. लाल नीट लावून पक्की शिवली, सरस लावला, वर रजिस्टरांचा गठ्ठा ठेवून दाबली. निळीचे फर्मे क्रमानं लावून सुतळीनं बांधले आणि प्रोफेसरांच्या खुर्चीवर ठेवले. ते शिवले नाहीत. ज्याला हवी त्यानं शिवून घ्यावी. सरस वाळला तसा मी सत्त्याण्णवाव्या पानापासून वाचायला लागलो, आणि प्रोफेसर आले तेव्हा मान वर केली नाही.